मागं आवाज येतोय का?

पिंपळवंडी,
मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय राजूभाई,

सलाम. पाकिटावरचं अक्षर बघून आधी तू चष्मा शोधला असशील आणि मग सायराभाभीला हाक मारून म्हणाला असशील की सोपानला पोस्टाचं तिकीट कुठं चिकटवायचं ते कळायला लागलं, आता जगबुडी जवळ आली. हस बाबा, हसून घे. बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडामालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या मीच लिहायचो आणि ऐन घाटात त्या मलाच वाचता यायच्या नाहीत, मग तू मागून कानात नाव सांगायचास. तेच अक्षर आता तुला पानंच्या पानं सोसायचं आहे. मोबाईलवर पाठवता आलं असतं, पण मोबाईलमध्ये घातलेलं पुढं कुणाकुणाच्या हातात जातं याचा मला भरवसा राहिलेला नाही. हे कागदावर लिहितोय, समोर साळू शेंगा फोडत बसली आहे, आणि या मजकुराची परवानगी मी जगात कुणालाही दिलेली नाही.

इकडची खबर म्हणजे कांद्याची लागण उरकली. उसात बिबट्याचा वावर फार वाढलाय, उन्हं उतरली की मळ्याकडं कुणी फिरकत नाही. पूर्वी मी बांधावर नुसता खाकरलो तरी पलीकडच्या वस्तीवरची कुत्री गप्प बसायची. आता तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवत जातो. साळू म्हणते, डबा तुमच्यापरीस बरा, मधी-मधी थांबतो तरी. तिची जीभ शाबूत आहे, घरात तेवढं एक चांगलं आहे. लेक समृद्धी चाकणच्या कंपनीतून दर शनिवारी येते आणि येताना माझ्या गळ्याला बांधायचे जाळीचे रुमाल घेऊन येते. गळ्यातल्या भोकातून वारा आत जातो ना, धूळ जाऊ नये म्हणून. शिंक आली तर तीही तिथूनच येते, त्याची मला अजून सवय झालेली नाही.

राजूभाई, तुला सगळं ठाऊक आहे तेच पुन्हा लिहितोय म्हणून वैतागू नकोस. बोलता येत असतं तर नारायणगावच्या स्टँडवर चहा घेत बोललो असतो आणि तू मान डोलावत ऐकलं असतंस. मला एकदा सगळं ओळीनं मांडायचंय. पौष लागला की तुझा टेम्पो आमच्या दारात उभा राहायचा. वर कर्णे बांधलेले, आत ॲम्प्लिफायर गोधडीत गुंडाळलेला. यात्रेच्या गावी पोचलो की तू बांबूंवर कर्णे चढवायचास, वायरी जोडायचास आणि माइक हातात घेऊन तुझं ते एकच वाक्य म्हणायचास, हॅलो, हॅलो, मागं आवाज येतोय का? मी तोवर लाल टॉवेल खांद्यावर टाकून घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, पार खालच्या टोकाला, जिथं गाडे जुंपतात तिथं, चालत गेलेलो असायचो. आवाज स्वच्छ आला तर टॉवेल हलवायचा, फाटून आला तर तसंच उभं राहायचं, असं आपलं ठरलेलं. टॉवेल हलला की तू माइक असा खाली ठेवायचास जसा काही चटका बसला. इतक्या वर्षांत त्या माइकवर तू दुसरा शब्द बोलला नाहीस. एकदा मी तुला मुद्दाम आभार मानायला उभा केला, तर घामाघूम झालास आणि शेवटी म्हणालास काय, तर मागं आवाज येतोय का! अख्खा घाट हसला होता आणि खालच्या टोकाला कुणीतरी खरंच टॉवेल हलवला होता.

माझं तुझ्या उलट. माइक हातात आला की मला तहानभूक राहायची नाही. गाडा सुटायच्या आधी मालकाच्या आज्यापणज्याचं नाव घ्यायचं, बैलाच्या खोंडपणापासूनच्या खोड्या सांगायच्या, आणि बैल सुटले की शब्द त्यांच्या पायांबरोबर पळवायचे. लोक म्हणायचे, सोपाननाना बोलाय लागला की बसल्या जागी गाडा दिसतो. मला त्याचा माज होता, होताच. पण एक नियम मी कधी मोडला नाही. बारी मधेच बसली, बैलं निम्म्यात थांबली, तर मालकाची मान खाली जाते. त्या वेळी त्याला हिणवायचं नाही. मी मोठ्यानं म्हणायचो, आज न्हाई रं राजा, पुढच्या यात्रेला! म्हणजे बैलाचाही मान राहायचा आणि मालकाचाही. पुढं पुढं तर पोरं परीक्षेत नापास झाली तरी घरची माणसं तेच वाक्य म्हणायला लागली होती. त्या वाक्यामुळं मला आंबेगावात आणि जुन्नरात कुठंही पाणी मागावं लागलं नाही, चहाच यायचा.

आणि आपल्या धंद्याची रीत तुला माहीत आहे. यात्रा कमिटी सुपारी द्यायची ती देवळासमोर, चार माणसांच्या देखत, तोंडी. कागद कधी झाला नाही. सुपारी घेतली म्हणजे त्या एका यात्रेपुरता आवाज त्या गावाचा. त्या दिवशी दुसऱ्या कुणासाठी बोलायचं नाही, सर्दी असो, घरी दुखणं असो, मागं फिरायचं नाही. आणि शेवटची बारी झाली, सगळ्यांत वेगानं पळालेल्या घाटाच्या राजाला ढाल दिली, की कमिटीचा म्हातारा माणूस आपल्या हातात नारळ द्यायचा. नारळ हातात आला की सुटलो. आवाज परत आपला. पुढच्या वर्षी बोलवायचं तर पुन्हा सुपारी. परवानगी म्हणजे काय ते मला एवढंच माहीत होतं, आणि आयुष्यभर तेवढं पुरलं.

आवाज बसायला लागला तेव्हा मी थंडीला दोष दिला, मग धुरळ्याला. सायराभाभी थर्मासमधून ज्येष्ठमधाचा काढा पाठवत राहिली आणि मी तो पिऊन पुढची सुपारी घेत राहिलो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की जगायचं असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. मग समृद्धीनंच ते ॲप शोधून आणलं. ऑपरेशनच्या आधी आवाज भरून ठेवायचा, आणि नंतर आपण टाईप केलेलं फोन आपल्याच आवाजात बोलतो. पोरीचा चेहरा असा उजळला होता की मी नाही म्हणूच शकलो नाही. तू रिक्षानं आलास, तुझा तो सगळ्यात चांगला माइक पोटाशी धरून. आमच्या मधल्या खोलीच्या चारी भिंतींना गोधड्या टांगल्यास, पंखा बंद केलास, कोंबड्या लांब हाकलायला लावल्यास. ॲपनं वाचायला वाक्यं दिली होती, आज हवा छान आहे, माझा चष्मा टेबलावर आहे. असलं मिळमिळीत मी जन्मात बोललो नव्हतो. मी त्याऐवजी आख्खी यात्रा बोललो. पहिल्या गाड्यापासून घाटाच्या राजापर्यंत, उरलासुरला सगळा आवाज ओतला. तू कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसला होतास आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मी पाहिलं होतं, आज सांगतो.

मग फोनच्या पडद्यावर ती पाटी आली. दोन चौकोन. एकावर लिहिलेलं, आवाज खाजगी ठेवा. दुसऱ्यावर, आवाज सर्वांसाठी खुला करा. समृद्धी म्हणत होती, नाना थांबा, खालचं बारीक मला वाचू द्या, तेवढ्यात साळूनं तिला पानं घ्यायला हाक मारली. मी विचार केला, खाजगी आवाज? खाजगी आवाजात घाटात कुणी बोलतं का? निवेदकाचा आवाज सगळ्यांसाठीच असतो, नाहीतर त्यानं निवेदक व्हायचं कशाला? मी दुसरा चौकोन दाबला, आणि पुढं येईल तिथं सहमत, सहमत, सहमत. माझ्या मनात ती सुपारीच होती. काम झालं की कुणीतरी नारळ देईल. तूही शेजारी उभा होतास आणि तूही मान डोलावलीस, कारण तुझ्याही मनात दुसरं काही आलं नाही. येणार कुठून?

ऑपरेशननंतर फोन पहिल्यांदा घरात बोलला तो दिवस मजेचा होता, हे कबूल केलं पाहिजे. मी टाईप केलं, साळू चहा टाक. आणि फोन असा गरजला, साळूऽऽ चहा टाऽऽक, की जणू साळूच घाट चढून निशाणाला पोचली! यात्राच भरून ठेवली होती ना मी, त्याला दुसरी पट्टीच माहीत नव्हती. समृद्धी पोट धरून हसली. साळू हसली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली. नंतर तिनं एकदा मला सांगितलं, ह्यो तुमचा लोकांतला आवाज हाय, माझा न्हाई. तिचा म्हणजे घरातला. सकाळी उठल्यावर दूध आलं का विचारणारा, आजारपणात तिच्या उशाशी बसून बोलणारा. तो मी कधी कशातच भरून ठेवला नाही, तसं कुणाच्या डोक्यातही येत नाही. तेवढा एक आवाज कुणी नेला नाही, राजूभाई, आणि तो शिल्लकही नाही.

चैत्रात साळूच्या माहेरी लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत बसलो असताना शेजारच्या गावाकडून वाऱ्यावर माझा आवाज आला. आधी वाटलं जुनं काही लावलं असेल. पण नावं नवीन होती, या वर्षीच्या बैलांची, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही. हातातला घास हातात राहिला. पंगतीतली माणसं माझ्याकडं बघून आनंदानं म्हणायला लागली, नाना, बरं झालं राव, आवाज परत आला तुमचा! मी रुमाल खाली करून त्यांना भोक दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत मी पाहिलं, त्यांना कान खरे वाटत होते की डोळे, ते ठरवता येत नव्हतं. नंतर कळलं, लॅपटॉपवर एक पोरगा बसतो, नावं टाईप करतो आणि मशीन माझ्या आवाजात बोलतं. ॲपमध्ये मी ग्रामीण रांगडा पुरुष या नावानं आहे. ऐकणाऱ्यांची पसंती भरपूर. मोसमभर कुठल्या कुठल्या घाटांत मी बोललो याची मला गिनती नाही. निवडणुकीत एका उमेदवाराला निवडून द्या म्हणालो, बोअरवेलची जाहिरात केली, कुठल्याशा औषधानं जनावर दुप्पट दूध देतं असंही सांगितलं. नारळ कुणी दिला नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. राजुरीच्या सावळेरामचं मात्र मला गिळता आलं नाही. त्याचा पाखऱ्या तुला आठवतो, कपाळावर पांढरा ठिपका. बैल म्हातारा झाला होता, पण सावळेरामला त्याला शेवटचा एकदा पळवायचा होता. ज्या गावच्या यात्रेत पळवला त्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या सगळ्यांची चूक नव्हती. बारी निम्म्यात बसली. मी असतो तर काय म्हणालो असतो ते अख्ख्या घाटाला पाठ होतं, सगळे तेच ऐकायला थांबले असतील. आणि माझा आवाज म्हणाला, राजुरीचं पावणं, बैलं घरी न्या आन् दूध काढा! लॅपटॉपवरच्या पोरानं गंमत म्हणून टाईप केलं. लोक हसले. सावळेराम पाखऱ्याची वेसण धरून त्या हसण्यातून चालत गेला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. बसला नाही. म्हणाला, सोपान, आमी तुला कदी काय कमी केलं व्हतं का? म्हाताऱ्या जनावराला असं बोलायचं? आणि मी, राजूभाई, गडबडीत सवयीनं फोन उचलला आणि टाईप केलं, सावळेराम, तो मी नव्हतो. फोन गरजला. त्याच आवाजात, त्याच तोऱ्यात, घाटाला ऐकवावं तसं. सावळेराम म्हणाला, आवाज तर त्योच हाय. आणि गेला. मी पाटीवर खडूनं लिहीत त्याच्या मागं फाटकापर्यंत धावलो, पण मला हाक मारता येत नाही आणि त्यानं मागं वळून बघितलं नाही. साळूनं टाकलेला चहा तसाच राहिला. पाखऱ्या पुन्हा घाटात आला नाही. सावळेरामनं माझ्याशी सोयरीक तोडावी तसं बोलणं तोडलं आहे. रागानं मी फोनमधून ते ॲप काढून टाकलं, तर समृद्धी रडवेली होऊन म्हणाली, नाना, ते तुमच्या फोनमधून गेलं, तिकडून नाही गेलं.

मग आम्ही भांडायला निघालो. समृद्धीनं ॲपच्या त्या अटी मराठीत करून मला आणि साळूला वाचून दाखवल्या. पहिलंच वाक्य असं की आवाजाची मालकी तुमचीच राहील. साळू म्हणाली, बघा, म्हंजी आपलाच हाय की! पुढचं वाक्य असं की तुम्ही कंपनीला हा आवाज वापरायची, बदलायची, त्याच्यावरून नवीन काही बनवायची आणि इतरांना वापरायला द्यायची परवानगी दिली आहे, जगभर, कायमची, आणि ती तुम्हाला मागं घेता येणार नाही. म्हणजे सातबारा माझ्या नावावर आणि वहिवाट जन्मभर दुसऱ्याची. जुन्नरच्या कोर्टात वकिली करणाऱ्या अश्विनीताईंकडं गेलो. त्यांनी सगळं नीट वाचलं, खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, नाना, तुमची मालकी कुणी नाकारतच न्हाई, तीच अडचण हाय. मोठ्या नटांना कोर्टानं त्यांचा आवाज राखून दिलाय, पण त्यांनी कुठं सहमत दाबलं नव्हतं. आणि तक्रार परदेशातल्या लवादापुढं चालवायची, यालाही तुम्ही हो म्हणालाय. लढता येईल, वर्षं लागतील. मी पाटीवर लिहिलं, वर्षं कुणाची? त्यांनी पाटी वाचली आणि टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

एक फट होती. खातं बंद केलं तर निदान नव्या माणसांना तो आवाज मिळणं थांबतं. ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडं तो राहतोच, पण चला, वाहतं पाणी कुठंतरी अडेल. त्यासाठी खातं माझंच आहे हे मी सिद्ध करायचं. कसं, तर पडद्यावर येईल ते वाक्य स्वतःच्या तोंडानं वाचून. आम्ही तिघं फोनसमोर बसलो. वाक्य आलं, हा आवाज माझा आहे. मी ओठ हलवले. जोर लावला तर गळ्यातून नुसता वारा गेला. पडद्यावर आलं, आवाज ऐकू आला नाही, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. मग समृद्धीनं तिच्या फोनवर त्याच ॲपमधून माझा आवाज लावला आणि समोर धरला. हा आवाज माझा आहे, असा तो गरजला, भिंतीवरचं कॅलेंडर हललं. पडद्यावर आलं, हा जिवंत माणसाचा आवाज नाही. दवाखान्याचे कागद पाठवले, फोटो पाठवले, भोकाचासुद्धा. उत्तर आलं की आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद. साळूनं विचारलं, काय म्हन्तात? समृद्धी म्हणाली, काही नाही गं आई. ते खरंच होतं.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या मोईजनं आपल्या जुन्या यात्रांचे व्हिडिओ किती मायेनं चढवले होते, ज्यात मी काळ्या मिशांचा आहे आणि तू मागं कर्ण्याच्या बांबूला धरून उभा आहेस. ते सगळे एका फटक्यात काढले गेले. कारण काय, तर त्यातला आवाज कंपनीच्या नोंदलेल्या आवाजाशी जुळतो. माझाच आवाज माझ्याशी जुळला म्हणून चोर ठरला! मी कागदावर सही करून परवानगी दिली, ती चालत नाही म्हणाले, खात्यातून पाहिजे, आणि खात्यात शिरायला पुन्हा तेच वाक्य. तेव्हापासून तू आला नाहीस. मोईज समृद्धीला म्हणाला की अब्बा म्हणतात, आवाज मीच भरला, इतका स्वच्छ मीच भरला, म्हणून तर तो सगळ्यांनी उचलला. राजूभाई, वेडा आहेस का? तू तुझं काम केलंस. आयुष्यभर तू एवढंच केलंस की माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ जावा. तो इतक्या लांब जाईल हे दोघांनाही माहीत नव्हतं. मला तुझा राग कधीच आला नाही. तू आला नाहीस याचा आला, तो अजून आहे, तेवढा राहू दे.

समृद्धीनं तुला सांगितलं नसेल, मीच सांगू नको म्हणालो होतो. दुखणं परत आलंय. आता फुप्फुसात आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी या खेपेला कापायचं नाव काढलं नाही, नुसतं साळूला म्हणाले की यांना आवडेल ते खाऊ घाला. त्यावरून मी समजलो. चैत्रापर्यंत पोचेन असं मला वाटत नाही. गावातली कमिटीची पोरं परवा बघायला आली होती. चांगली पोरं आहेत, मनात पाप नाही, संत्री आणली होती. बोलता बोलता त्यांच्यातला मोहित म्हणाला, नाना, तुमी काळजी करू नका, तुमचा शेवट आमी लई मोठा करू. दहाव्याला दुसरा निवेदक आणणारच न्हाई, तुमचाच आवाज लावू, लोकं ढसाढसा रडतील. आणि मला खूश करायला त्यानं फोन काढून वाजवून दाखवलं, तयार करून ठेवलंय त्यानं. पिंपळवंडी ग्रामस्थ, पंचक्रोशीतून आलेले पावणं, माता-भगिनींनो, कैलासवासी सोपाननाना यांच्या दशक्रियेला आपण सर्वजण उपस्थित राहिलात. मीच बोलत होतो. माझ्याच तोऱ्यात, मधेमधे श्वास घ्यायची माझी जागासुद्धा तीच. साळू उठून गोठ्यात निघून गेली. मला हसू आलं, ते कसलं होतं मला माहीत नाही, पण माझं हसू आता गळ्यातल्या वाऱ्यासारखं वाजतं आणि पोरांना वाटलं नानांना आवडलं. मी पाटीवर नको असं लिहिलं. त्यांना वाटलं नाना लाजतात.

म्हणून हे पत्र. साळूला आणि समृद्धीला मी बजावलं आहे, पण त्या दिवशी त्या रडतील की मशीनवाल्याशी भांडतील? माझ्या दहाव्याला तू ये, आणि पोरांच्या आधी ये. नारायणगावच्या गाळ्यातला तुझा जुना ॲम्प्लिफायर काढ, मोईजला कर्णे उचलायला सोबत घे, आणि नदीच्या घाटावर तुझं मशीन लाव. तुझं मशीन लागलं की दुसऱ्या कुणाची वायर त्यात जात नाही हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्या दिवशीही जाऊ देऊ नकोस, कुणी कितीही रडून सांगितलं तरी. पुढं तो आवाज कुठल्या घाटात कुणाला काय बोलेल त्याला तू-मी काहीच करू शकत नाही, त्याची आशा मी सोडून दिली आहे. फक्त तेवढी सकाळ माझा आवाज नसू दे. सावळेराम आला तर त्याला पुढं बसव, न आला तर कुणाला काही बोलू नकोस. एक नारळ आण आणि साळूच्या हातात दे, तिला कळेल. भाषण करू नकोस, तुला जमणार नाही. लोक बसले की माइक हातात घे आणि तुझं ते एकच वाक्य म्हण. हॅलो, हॅलो, मागं आवाज येतोय का? मग थोडं थांब. सवयीनं तुझी नजर पार खालच्या टोकाला जाईल, जाऊ दे. टॉवेल हलणार नाही. मग मशीन बंद कर.

तुझाच,
सोपान